मंगळवारचा माल

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका मोठ्या पंप कंपनीच्या ऑफिसबाहेर मला पाऊण तास बसवून ठेवलं होतं. मी त्यांना पंपाच्या बॉडीची कास्टिंग पुरवतो. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं काम. कोल्हापूरजवळ शिरोलीला माझी फौंड्री आहे आणि ती मला कुणी वारशात दिलेली नाही. सतराव्या वर्षी मी दुसऱ्याच्या फौंड्रीत ग्राइंडरवर उभा राहिलो आणि तिथून इथवर प्रत्येक पायरी घासाघीस करून चढलो. पाऊण तास बाकावर बसणं मला जमत नाही. आत बोलावणं येईपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं.

टेबलामागे त्यांचा क्वालिटी इंजिनिअर होता. तिशीच्या आतला, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याच्यासमोर माझी चार कास्टिंग कापून ठेवलेली होती आणि कापलेल्या जागी धातूच्या अंगात वाटाण्याएवढी भोकं दिसत होती. ओतताना आत वायू अडकला की अशी भोकं राहतात. बाहेरून कळत नाही, मशीनवर कापायला घेतलं की उघडी पडतात. मी त्याला म्हणालो की दोष तुमच्या ड्रॉइंगमध्ये आहे, जाडी बदलून द्या. मग म्हणालो की तुमच्या मशीनवाल्यांना कापता येत नाही. मग वाळूवाल्याला शिव्या घातल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, चिडू नका. यातला टेक्निकल भाग तुम्हाला नाही समजणार."

मी उभा राहिलो. पुढे काय बोललो ते सगळं छापण्यासारखं नाही. ज्याने जन्मात वाळूत हात घातला नाही त्याने मला ओतकाम शिकवू नये, हा त्याचा अर्थ. कुठल्या फौंड्रीत घाम गाळलास तेवढं सांग, असं मी त्याला विचारलं.

"तुमच्याच की," तो म्हणाला. आता त्याची भाषाही आपल्याकडची झाली. "माझी इंटर्नशिप तुमच्याकडंच झालीय. फायलीला सर्टिफिकेट हाय, तुमच्या सहीचं."

मी त्याचा चेहरा नीट पाहिला. या पोराला मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

परत येऊन जुनी फाइल काढली, तर झेरॉक्स होती. माझीच सही, माझाच शिक्का. सहा आठवडे मन लावून काम केले, वर्तणूक उत्तम. त्याच्या वडिलांचा ट्रकचा धंदा होता हेही आठवलं. उसाच्या हंगामात कोल्हापुरात ट्रक मिळत नाही, सगळे कारखान्याच्या रांगेत असतात. त्या माणसाने मला हंगामभर दोन ट्रक दिले आणि मी त्याला एक कागद दिला.

ही आमच्याकडची रीतच आहे. मे महिना लागला की कुणी ना कुणी पेढ्याचा बॉक्स आणि टाइप करून आणलेलं पत्र घेऊन येतो. पोरगं यायचं न्हाय, त्याला क्लास हाय, तेवढा सही-शिक्का द्या. मी देत आलो. बदल्यात काही ना काही पदरात पाडून घेत आलो आणि मनात म्हणत आलो की शाईला काय पडतं. त्या पोरांनी काय गमावलं याचा विचार मी केला नाही. माझं काही जाईल असं तर स्वप्नातही आलं नव्हतं.

पण राग त्यामुळे कमी झाला नाही, हे खरं सांगतो. उलट वाढला. माझ्याच कागदावर शिडी लावून चढला आणि वरून मला म्हणतो, तुम्हाला समजणार नाही.

आठवड्याने त्याच्या कंपनीची मेल आली. जूनअखेरपर्यंत भोकं बंद झाली नाहीत तर पॅटर्न उचलणार. बाहेरच्या माणसाला या शब्दाचं वजन कळणार नाही. पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा घेतात तो मूळ नमुना. तो गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो, फौंड्रीत नुसता ठेवलेला असतो. गिऱ्हाइकाचं मन उडालं की एक टेम्पो येतो, पॅटर्न भरतो आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन उतरवतो. माझ्या फौंड्रीचं निम्मं काम त्या एका पॅटर्नवर चालतं. तो गेला की सव्वीस माणसांतली निम्मी घरी बसणार. कुठली निम्मी, हे मला ठरवावं लागणार होतं.

मे महिन्यात इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एक मॅडम आल्या. पेढे नव्हते, फक्त पत्र होतं. चार विद्यार्थी, सहा आठवडे, रोज हजेरी, आणि त्या कुठल्याही दिवशी न सांगता येऊन बघणार. मी म्हणालो, दोन विद्यार्थी, दोन आठवडे. त्या म्हणाल्या, तीन आणि सहा. मी म्हणालो, दोन आणि सहा, पण मुलगी नको, फौंड्रीत मुलींचं काम नसतं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे कोअर कोण बनवतं? कोअर, म्हणजे साच्यात आत ठेवायचे वाळूचे गोळे, आमच्याकडे बायकाच बनवतात. मी विषय बदलला, जेवणाचं आणि एसटी पासचं काढलं. अर्धा तास झाला तसं त्यांनी पत्राची घडी घातली.

"मी गुळाच्या अडत्याची मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "मार्केट यार्डात वाढले. तुम्ही पहिल्या मिनिटाला हो म्हणाला होता, पुढचं सगळं सवयीनं चाललंय."

खरं होतं ते. फाइलमधली ती झेरॉक्स बघितल्यापासून मी ठरवलं होतं की यापुढे कागद मिळेल तो काळ्या हातालाच. दोन विद्यार्थी, सहा आठवडे, त्यातली एक मुलगी. जेवण माझं, एसटीचा पास कॉलेजचा.

मुलगी मुरगूडची. वडिलांचं बाजारपेठेत छोटं किराणा दुकान. पहाटेच्या एसटीने निघायची आणि आठच्या भोंग्याला गेटवर हजर असायची. मुलगा कबनूरचा. घरात चार यंत्रमाग, आई-वडील दोघंही मागावर. तो मोटरसायकलवर यायचा आणि पहिल्या दिवशी त्याच्या कानात कापसाचे बोळे होते. मी विचारलं, हे काय रे. तो म्हणाला, घरची सवय. मी म्हणालो, इथं माणसाचं ऐकायला लागतं, काढ.

त्यांना काय काम द्यायचं, हे मला ठाऊक नव्हतं. भट्टीजवळ जाऊ देण्याची भीती, मशीनला हात लावू देण्याची भीती. शेवटी आवाराच्या कोपऱ्यात परत आलेल्या कास्टिंगचा ढीग होता, तिथे त्यांना नेलं. म्हणालो, हे बघा, मोजा, लिहा. पळवून लावायचंच काम होतं ते. उन्हात तापलेलं बीड, बसायला सावली नाही.

त्या ढिगाची एक गोष्ट सांगायला हवी. परत आलेला माल आम्ही कधी ठेवत नाही. दुसऱ्याच दिवशी भट्टीत टाकून वितळवतो, कारण बीड म्हणजे कच्चा माल, पडून का ठेवायचा? हा ढीग साठला होता तो केवळ माझ्या रागापोटी. त्या इंजिनिअरशी भांडताना पुरावा म्हणून दाखवायचा होता. नाहीतर दर आठवड्याला मी पुरावा वितळवतच आलो होतो.

पहिले आठ-दहा दिवस मी त्यांच्याकडे फिरकलो नाही. आमचे साचे घेणारे जुने मोल्डर, ज्यांना सगळेच मामा म्हणतात, ते सांगायचे की पोरगी प्रत्येक नग उलटा करून भोकावर खडूनं गोल करते आणि पोरगा वहीत चित्र काढतो. मामांना त्याची गंमत वाटायची. दुपारी मामा त्यांना साचा कसा घ्यायचा ते दाखवायचे. पोरीच्या हातचा पहिला साचा उचलताच ढासळला. "वाळूला मारायचं नसतं गं, दाबायचं असतं," असं म्हणत मामांनी तिच्याकडून तो पाच वेळा करून घेतला. सहाव्यांदा टिकला, तसा त्यात खरंच बीड ओतलं. ती थंड होण्याची वाट बघत बसली आणि पहिल्यांदाच तिची एसटी चुकली.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी मुलाला विचारलं की भोक पडायची कारणं काय. त्याने पुस्तकातली नऊ कारणं ओळीने सांगितली. मी म्हणालो, यातलं माझं कुठलं? त्याने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "पुस्तकात तुमचं नाव न्हाय की." मला हसू आलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी डबा खायला लागलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला रविवार. आमच्या वसाहतीत सुट्टी सोमवारची, रविवारी काम चालू असतं. चारच्या सुमारास दोघं ऑफिसात आली. पोरीच्या हातात वही होती आणि ती टेबलावर ठेवताना तिने आधी टेबल फडक्याने पुसलं. यावरूनच मला कळायला हवं होतं की काहीतरी जड येतंय.

प्रत्येक कास्टिंगवर ओतल्या दिवसाची तारीख उठावात असते. आम्ही ती घालतो कारण गिऱ्हाईक मागतं, आम्ही स्वतः कधी वाचत नाही. पोरीने प्रत्येक तारखेपुढे वार लिहिला होता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, तुरळक नग. मंगळवारच्या रकान्यात खडूच्या गोलांनी पान भरलं होतं. आणि मंगळवारच्या मालात भोकं एकाच बाजूला, कोअरला लागून.

कोअर म्हणजे वाळूचा घट्ट गोळा. पंपाच्या पोटात जेवढी पोकळी हवी तेवढ्या आकाराचा तो बनवायचा, साच्यात मधोमध ठेवायचा आणि त्याच्याभोवती बीड ओतायचं. तो कोरडा ठणठणीत लागतो. ओल धरली की तापलेलं बीड लागताच वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला जागा नसते.

मी म्हणालो, बरं, मग? मुलाने विचारलं की मंगळवारी वापरता ते कोअर कधीचे असतात. मी म्हणालो, रविवारचे. ही व्यवस्था मीच लावली होती आणि मला तिचा अभिमान होता. कोअर बनवणाऱ्या चार बायकांना मंगळवारी सकाळी अंबाबाईच्या दर्शनाला जायचं असतं. देवीचा वार. पूर्वी त्यावरून दर आठवड्याला कटकट व्हायची. मी सौदा केला की रविवारी मंगळवारपुरते कोअर जास्तीचे करून ठेवा आणि मंगळवारी खुशाल बाराला या. त्यांचं दर्शन झालं, माझं काम सकाळपासून सुरू झालं. असे सौदे सुचायला डोकं लागतं, असं मी चार लोकांत सांगायचो.

"आणि रविवारी संध्याकाळी जाताना शेडमध्ये पाणी मारता," मुलगा म्हणाला.

तेही माझंच. मंगळवारी गिऱ्हाइकांची माणसं येतात, त्यांना धूळ दिसू नये म्हणून आठवड्याच्या शेवटी सगळी जमीन पाण्याने भिजवून शटर ओढायचं, हा माझा हुकूम.

"आमच्यात मागाखाली असंच पाणी मारत्यात," तो म्हणाला. "सुतानं ओल धरावी म्हणून. कोरडं सूत तुटतं. शेड बंद ठेवली की सकाळपर्यंत सूत ओल वढतंच. तुमचे कोअर तर जमिनीलगतच्या फळीवर असतात, ते पण दोन रात्री."

तो अजून बोलत होता तोवर माझा ताबा सुटला होता. तीस वर्षांचा अनुभव, कालची पोरं, मागाचं सूत आणि माझं बीड एकच का, असं बरंच काही. त्या इंजिनिअरला जे बोलायचं राहिलं होतं तेसुद्धा या दोघांवर निघालं. निघा इथून, म्हणालो. मुलगा लगेच बाहेर गेला. पोरगी मागे राहिली. तिला वाटलं असावं की मी वही फेकून देईन. तिने वही उचलली, छातीशी धरली आणि गेली.

सोमवारी सुट्टी. मंगळवारी सातलाच फौंड्रीत गेलो आणि शटर स्वतः वर केलं. आत दमट वास होता. तीस वर्षं तो वास माझ्या नाकात आहे आणि तो मला स्वच्छतेचा वाटायचा. फळीवरचा एक कोअर उचलून गालाला लावला. गार होता.

आठला गेटवर बघितलं तर दोघं उभी. मी म्हणालो, तुम्हाला जा म्हणून सांगितलं होतं ना. पोरीने रस्त्याकडे बघत उत्तर दिलं, "रविवारी निघा म्हणाला, निघालो. सोमवारी सुट्टी होती. आज मंगळवार हाय. मंगळवारचाच माल बघायचाय."

मी दार उघडलं.

ताजा कोअर हवा होता आणि बायका बारापर्यंत येणार नव्हत्या. मग मीच बाह्या वर केल्या. कोअर मारून मला पंधरा वर्षं झाली होती. वाळू मळली, कोअरच्या पेटीत ठासली, घट्ट होण्यासाठी गॅस सोडला, पेटी उघडली. नीट निघाला. दोघं बघत होती, आणि त्या दहा मिनिटांत माझ्या मनातला राग कुठे गेला होता कुणास ठाऊक. ताजा आणि रविवारचा, दोन्ही तराजूवर घातले. रविवारचा जड.

मी म्हणालो, संपलं, कळलं. पोरगी म्हणाली, नाही संपलं. तुमचा हात आणि कोअर करणाऱ्या मावशींचा हात वेगळा, ठासण्यात फरक पडणार. रविवारचाच एक कोअर वजन करून भट्टीशेजारी वाळवू आणि परत वजन करू, मगच खरं. माझा पारा परत चढायला लागला होता. पण ती बरोबर बोलत होती, आणि खरं सांगायचं तर ही घासाघीसच होती, फक्त भावाऐवजी खात्रीची. तासभर वाळवला. वजन उतरलं. तिने आणखी दोन वाळवायला लावले. तेही उतरले.

बारा वाजता कोअरच्या बायका आल्या, कपाळाला मळवट, हातात प्रसाद. त्यांच्यातल्या थोरल्या मावशी माझ्याकडे वीस वर्षं आहेत. मी त्यांना म्हणालो, मावशी, मंगळवारचा कोअर ओला असतो. त्यांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.

"व्हय की. हाताला जड लागतोय. म्या सांगितलं हुतं तुमास्नी, दिवाळीच्या आधी."

मला आठवेना. मी विचारलं, मग मी काय म्हणालो?

"काय म्हणणार. वराडला."

पोरांनी हे आधीच ऐकलं होतं. त्यांच्या वहीत एक पान मावशींचं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जाऊन विचारलं होतं की कुठला कोअर तुम्हाला आवडत नाही. मला हे पान रविवारी दाखवायचं राहिलं, कारण मी तोवर ओरडायला लागलो होतो. कुणाला विचारायचं, आणि कसं विचारायचं की माणूस सांगेल, हे ती दोघं वीस दिवसांत शिकली. मला कुणी शिकवलं नाही, मीही कुणाकडून शिकून घेतलं नाही. वजनाचं, वारांचं, वाळवण्याचं त्यांना पुस्तकातही कधीतरी सापडलं असतं. हे सापडलं नसतं.

पाणी मारणं त्याच दिवशी बंद केलं. कोअरच्या फळ्या छातीएवढ्या उंच केल्या. राहिला दर्शनाचा सौदा. तो मोडायचा होता आणि मावशींना ते कळलं होतं, म्हणून त्या निवांत होत्या. मी म्हणालो, मंगळवारी आठला यायचं, कोअर त्याच दिवशी ताजे लागणार. त्या म्हणाल्या, देवीला काय सांगू. मी म्हणालो, शुक्रवार पण देवीचाच वार. मग शुक्रवारी चारला सोडा, त्या म्हणाल्या. मी पाच म्हणालो. त्या म्हणाल्या, पाचला सुटून रंकाळा तलावावर फिरायला जायचं का? मुलगा हसून भिंतीकडे वळला. शुक्रवारी चारला सोडायचं ठरलं. इतक्या वाईट सौद्यावर मी कधी हसून मान डोलावलेली नव्हती.

जूनअखेरपर्यंत दोन मंगळवार हातात होते. पहिला मंगळवार गेला, दुसरा गेला. माल थंड झाला, साफ झाला, पण आतलं कुणाला दिसतंय. आम्ही कापून बघितला नाही. त्या इंजिनिअरने मेलवर कळवलं होतं की नग तो स्वतः निवडणार आणि आमच्याच लेथवर त्याच्यासमोर कापायचे.

मधल्या दिवसांत पोरांचे कॉलेजचे रिपोर्ट चालले होते. मुलाने एकच पान लिहिलं होतं आणि मॅडमनी ते परत पाठवलं की यात सूत्रं नाहीत, आकृत्या नाहीत. त्याने घाबरून पुस्तकातली नऊ कारणं उतरवायला घेतली. मी फोन उचलला आणि मॅडमशी कचाकचा भांडलो. त्या म्हणाल्या, तुम्ही त्याच्या बाजूने आहात की माझ्या? मी म्हणालो, त्या एका पानाच्या. शेवटी पान तेच राहिलं आणि पोरीच्या वहीतले तक्ते त्याला जोडायचे ठरले, दोघांच्या नावावर. फोन ठेवल्यावर मुलगा म्हणाला, तुम्ही मॅडमना पण वराडता? मी म्हणालो, त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता, तुला ऐकू आला नाही एवढंच.

जूनच्या शेवटच्या दिवसांत, सकाळी दहाला, तो आला. त्याची गाडी आणि मागे टेम्पो. टेम्पो बघून मामांनी टोपी काढून डोकं पुसलं. सगळ्यांनाच कळलं होतं की टेम्पो कशाला आणलाय. पॅटर्न भिंतीला टेकवून ठेवलेला होता, आदल्या दिवशी मामांनीच तो स्वच्छ केला होता. का केला, विचारलं नाही.

त्याने दोन मंगळवारच्या मालातून बारा नग निवडले आणि ते लेथकडे नेले. मी त्याच्याशी फारसं बोललो नाही. तो विचारायचा त्याला पोरगी उत्तर द्यायची. तारखा, वार, वजनं. त्याने मध्येच तिला अडवून विचारलं की एका कोअरवर विश्वास का नाही ठेवला, तीन का वाळवले. तिने सांगितलं. त्याने परत विचारलं, तिने परत सांगितलं. ते दोघं असे बोलत होते की जणू मी तिथे नव्हतोच, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग तो म्हणाला, कोअर कुठं करता ते बघू या का. असं म्हणून तो मावशींच्या खोलीच्या दारात गेला. सकाळी शिंतोडे पडून गेले होते आणि त्याच्या बुटांना चिखल होता.

"पावणं, तिथंच थांबा," मावशी म्हणाल्या. "बूट काढून या. वलं आत न्हाय चालत."

त्याने बूट काढले. मोज्यांवर आत जाऊन तो पेटीपाशी उकिडवा बसला आणि मावशी वाळू ठासताना बघत राहिला. मी दारात होतो. बराच वेळ बघून त्याने मान वर केली आणि मला म्हणाला, "हे मी कधी बघितलंच नव्हतं, काका." आवाज हळू होता. मी म्हणालो, मला माहीत आहे. त्या बाबतीत आम्ही एवढंच बोललो. माझ्या मनातली अढी त्यानं गेली असं नाही, पण ती त्याच्या एकट्याच्या नावावर होती ती आम्हा दोघांच्या नावावर झाली.

लेथ सुरू झाला तसा मी बाहेर आलो. मला ते बघवत नव्हतं. टेम्पोवाला हातकणंगल्याचा होता, बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, पावणं, किती वेळ? मला अजून एक भाडं हाय. मी म्हणालो, मलाही माहीत नाही. आतून कापल्याचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. प्रत्येक थांबण्याला मी मोजत होतो. सातव्या नगाला आवाज जरा जास्त वेळ थांबला.

मुलगा पळत बाहेर आला. एका नगात भोक आहे, म्हणाला, पण बारीक, कोअरच्या बाजूला नाही, वरच्या कडेला. साहेब लिहून घेतायत. मग तो परत आत पळाला. पुढचे पाच नग कापून होईपर्यंत टेम्पोवाल्याच्या दोन बिड्या झाल्या.

शेवटी पोरगी आली. तिच्या कोपरापर्यंत बिडाची काळी भुकटी होती. ती माझ्याकडे न येता आधी टेम्पोवाल्याकडे गेली.

"दादा, मागचं फळकं पाडा."

टेम्पोवाल्याने विचारलं, काय भरायचं, ते लाकडी हाय ते का?

"न्हाय," ती म्हणाली. "पॅटर्न राहतोय, अकरा नग साफ निघाले. दिवाळीपर्यंत बघतो म्हणालेत. माल भरायचाय, दोन मंगळवारचा."

मागून मामा आणि चौघं जण कास्टिंगची ट्रॉली ढकलत येतच होते. मी बाजूला झालो नाही म्हणून मामा माझ्यावर ओरडले, तसा मीही ट्रॉलीला हात लावला.